एक्सेलमध्ये पंपांचा फेल्युअर रेट कसा काढायचा? १२ पंप, वर्षात ९ बिघाड, म्हणून ९ भागिले १२ बरोबर आहे का?

नाही. पंप किती तास चालले हे त्यात कुठेच येत नाही. बिघाडांना भागायचं ते चालू तासांनी, आणि जे पंप एकदाही बिघडले नाहीत त्यांचेही तास धरून.

याच भागाकारावरून रत्नागिरीत मी मॅनेजरशी भांडलोय. मिरकरवाड्याच्या बोटींना बर्फ पुरवणारा कारखाना. कंडेन्सरसाठी समुद्राचं पाणी खेचायला दोन कंपन्यांचे दोन पंप, एक रोजचा, एक स्टँडबाय. मॅनेजरच्या शीटमध्ये दोघांपुढे ८७६० तास, अख्ख्या वर्षाचे. म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कारखाना थंड, तरी कागदावर दोन्ही पंप चालूच! आकडे सोपे करून सांगतो. रोजचा ६००० तास चालला, ४ वेळा बिघडला. स्टँडबाय ५०० तास, २ वेळा. त्यांच्या हिशेबाने स्टँडबाय दुप्पट चांगला, म्हणून नवा पंप त्याच कंपनीचा मागवायचं ठरलं. चालू तास धरा: हजार तासांमागे रोजच्याचे ०.६७ बिघाड, स्टँडबायचे ४. सहापट वाईट. मी लॉगबुक टेबलावर उघडून ठेवलं, तर म्हणाले, "तुम्ही पाना चालवा, हिशेब आमच्याकडे राहू दे."

फिटरने तर स्टँडबायचं सील खोलून दाखवलं होतं. सीलच्या घासणाऱ्या बाजूवर पांढरं मीठ धरलेलं, नख फिरवलं की खरखर लागायचं. बंद पंपात खारं पाणी साचून राहतं, स्टेनलेसलाही खड्डे पाडतं. पाना चालवणाऱ्याला हे दिसतं, म्हणून हिशेबही त्यानेच करावा असं माझं आजही ठाम मत आहे.

तुमच्या शीटमध्ये प्रत्येक बिघाडाला एक ओळ: तारीख, पंप नंबर, अवरमीटरचं रीडिंग, कारण. तास दुसऱ्या शीटवर. काउंटइफ्सने बिघाड मोजा, समइफ्सने तास, भागाकार गुणिले १०००. एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, हवा असेल तर तास भागिले बिघाड. रोजच्या पंपाचा १५०० येतो. पण पंप १५०० तास टिकणारच असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. दर स्थिर धरला तर तेवढे तास बिनबिघाड निघण्याची शक्यता ३७ टक्केच. बेअरिंग, इम्पेलर झिजत आले की दर स्थिरही राहत नाही. एकही बिघाड नसेल तर शून्य लिहू नका. ३ भागिले एकूण तास, तो भागाकार गुणिले १०००, ही साधारण ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा लिहा.

हो, आणि स्टँडबाय जर उभ्या उभ्याच खराब होत असेल तर त्याला चालू तासांचा हिशेबही पुरत नाही. किती वेळा स्टार्ट दिला आणि किती वेळा उचललाच नाही, ते वेगळं मोजा. त्या मॅनेजरचे ८७६० तेव्हाही चूकच ठरतात. साहेबांनी तासांचा कॉलम काढायला सांगितला तर काढू नका; दर सोमवारी अवरमीटरचं रीडिंग घ्या आणि खाली त्यांचीच सही घ्या.