समुद्रकाठच्या शहरात उन्हाळा कोरडा जात असेल, तर तिथलं हवामान ‘भूमध्यसागरी’ म्हणायचं का?

लगेच म्हणू नका. कोरडा उन्हाळा ही त्या प्रकाराची एक अट आहे, आणि तीही पहिली नव्हे. कोपेनच्या पद्धतीत (तापमान आणि पावसावरून हवामानाचे प्रकार ठरवणारी प्रचलित पद्धत) आधी शहर मुळातच शुष्क आहे का ते तपासायचं असतं. बहुतेकांचं वर्गीकरण इथेच चुकतं, म्हणून मी यावरच जास्त लिहितो.

वर्षभराच्या सरासरी तापमानाला (अंश सेल्सियसमध्ये) २० ने गुणा. वर्षातला ७० टक्के किंवा त्याहून जास्त पाऊस हिवाळी सहामाहीत (उत्तर गोलार्धात ऑक्टोबर ते मार्च) पडत असेल, तर आलेला आकडा हीच तुमची मर्यादा, मिलिमीटरमध्ये. तेवढाच पाऊस उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर त्यात २८० मिळवा, आणि दोन्हीकडे विभागलेला असेल तर १४०. हा फरक का? थंडीत पडलेल्या पावसाचं बाष्पीभवन कमी होतं, त्यामुळे तेवढाच पाऊस जमिनीला जास्त पुरतो. वार्षिक पाऊस मर्यादेच्या खाली असेल तर हवामान शुष्क गटातलं. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंटी, नाहीतर निमशुष्क.

सॅन दिएगो घ्या. सरासरी तापमान सुमारे १८ अंश, म्हणजे मर्यादा ३६०. पाऊस साधारण २५० मि.मी. उन्हाळा कोरडा, हिवाळा सौम्य, सगळं वर्णन भूमध्यसागरी, पण हिशेबाने शहर निमशुष्क ठरतं. सॅन फ्रान्सिस्कोची सरासरी १४ अंशांच्या आसपास, मर्यादा २८०, आणि पाऊस त्याच्या जवळपास दुप्पट. ते ही चाळणी सहज पार करतं.

चाळणी पार झाली की मगच पुढचं. सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंशांच्या खाली आणि ० च्या वर हवी (काही नकाशे खालची रेषा उणे ३ वर ओढतात). उन्हाळी सहामाहीतल्या सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस ४० मि.मी.पेक्षा कमी आणि हिवाळ्यातल्या सर्वांत ओल्या महिन्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी हवा. उन्हाळी सहामाही म्हणजे उत्तर गोलार्धात एप्रिल ते सप्टेंबर. पर्थ किंवा केपटाऊनसाठी ती ऑक्टोबर ते मार्च धरा, नाहीतर सगळं उलटं येईल.

कोपेनच्या पद्धतीत भूमध्यसागरी प्रकाराचा संकेत ‘सीएस’ (Cs) असा आहे, आणि त्याला जोडायचं शेवटचं अक्षर सर्वांत उष्ण महिन्यावर ठरतं. सरासरी २२ अंश किंवा जास्त असेल तर ‘सीएसए’, जसं लिस्बन. त्याहून कमी, पण किमान चार महिने १० अंशांच्या वर असतील तर ‘सीएसबी’, जसं पोर्तो किंवा सॅन फ्रान्सिस्को. समुद्राचा हात इथे स्पष्ट दिसतो. कॅलिफोर्नियाच्या थंड प्रवाहामुळे सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळ्यातही धुकं असतं, आणि थोडंसं आत असलेलं सॅक्रामेंटो मात्र ‘सीएसए’मध्ये जातं. उन्हाळ्याच्या कोरडेपणाचं कारण वेगळं: उपोष्ण कटिबंधातला जास्त दाबाचा पट्टा त्या काळात ध्रुवाकडे सरकतो आणि वादळांची वाट अडवतो.

नियम काटेकोर पाळले तर सिएटलही ‘सीएसबी’ निघतं, कारण तिथला जुलै खरोखर कोरडा असतो. पण वर्षभराचा पाऊस आणि झाडी बघता ते मला पटत नाही. त्रेवार्थाच्या पद्धतीत (कोपेनच्या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती) भूमध्यसागरी प्रकारासाठी वार्षिक पाऊस ८९० मि.मी.च्या आत असावा लागतो आणि किमान आठ महिने १० अंशांच्या वर लागतात. त्यामुळे सिएटल तिथे सागरी समशीतोष्ण गटात जातं, आणि अशा शहरांसाठी मी तीच पद्धत वापरतो.

आकडे मात्र ३० वर्षांच्या सरासरीचे घ्या, एखाद्या ओल्या वर्षाचे नकोत. लॉस एंजेलिसचा पाऊस मर्यादेच्या इतका जवळ आहे की कालखंड किंवा हवामान केंद्र बदललं की प्रकारही बदलू शकतो. तुमचं शहर असं सीमेवर आलं, तर दोन्ही प्रकार लिहा आणि शेजारी कोणत्या वर्षांची सरासरी घेतली तेही लिहा.