'मॅडम, हे रेकॉर्ड होतंय का?'

ऑनलाइन समुपदेशनाला आलेला विद्यार्थी पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न हमखास विचारतो. शब्द बदलतात. कुणी 'डिपार्टमेंटला कळतं का?' म्हणतं, कुणी 'घरी मेल जातो का?'. या काळजीवर माझं उत्तर पाठ होतं आणि ते मी एका दमात म्हणून टाकायचे. ते अपुरं आहे हे मला एका मुलाने दाखवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची परवानगी आहे.)

तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. विद्यापीठाच्या ऑनलाइन सेवेतून त्याने वेळ घेतली होती आणि फॉर्ममध्ये कारण लिहिलं होतं, 'अभ्यासात लक्ष लागत नाही'. डॉक्टरकडे जाऊन 'जरा अशक्तपणा वाटतो' म्हणावं तसलं हे कारण. त्याच्या पोटात काहीही असू शकतं.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर तो भिंतीला टेकून, इअरफोन लावून बसला होता. उत्तरं 'हो', 'नाही', 'ठीक आहे' यांपलीकडे जाईनात. नजर सारखी स्क्रीनच्या डावीकडे. मी वहीत लिहिलं: टाळतो आहे. दुसऱ्या वेळी त्याने कॅमेराच बंद ठेवला. समोरासमोर बसून काम करायची माझी इतक्या वर्षांची सवय. चेहरा दिसला नाही की मला चाचपडल्यासारखं होतं. 'कॅमेरा सुरू केलास तर बरं होईल,' मी म्हटलं. त्याने केला. बाराव्या मिनिटाला कॉल तुटला आणि मेसेज आला, 'नेट गेलं.' नेट गेलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तिसऱ्या वेळी तो आलाच नाही. मी एक ओळ पाठवली: 'बोलणं जड जात असेल तर लिहूनही चालेल.' दहा मिनिटांत उत्तर आलं. 'मॅडम, खोलीत आम्ही तिघं असतो. मी बोलायला लागलो की बाकीचे दोघं गप्प होतात.'

हे वाचून मला माझीच लाज वाटली. संभाषण एन्क्रिप्टेड असतं, नोंदी माझ्याशिवाय कुणी उघडू शकत नाही, असं सगळं मी त्याला पहिल्या दिवशी ऐकवलं होतं. त्याच्या दृष्टीने खरे कान दोन पलंगांवर होते, आणि 'तू आत्ता कुठे बसला आहेस?' एवढं साधं मी विचारलं नव्हतं.

मग आम्ही चॅटवर आलो. टाइप करण्यात वेळ फार जातो. पन्नास मिनिटांत जेमतेम एका मुद्द्याला हात लागतो. पण त्या एका बैठकीत त्याने लिहिलं की दोन विषय राहिले आहेत, घरी सांगितलेलं नाही, झोप पहाटे चारला लागते आणि कुणी निकाल विचारेल म्हणून तो जेवायलाही सगळे उठून गेल्यावर जातो. चेहरा दिसत नसला की माणूस जास्त मोकळा होतो, याला जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये 'ऑनलाइन डिसइन्हिबिशन इफेक्ट' असं नाव दिलं. त्याची दुसरी बाजूही आहे. काही जण भडाभडा सगळं लिहून टाकतात, सकाळी ओशाळतात आणि परत फिरकत नाहीत. म्हणून 'आज इथेच थांबू' असं मीच म्हटलं.

पुढच्या वेळेआधी त्याला पीएचक्यू-9 ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली भरायला दिली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, जास्तीत जास्त 27. त्याचे 16 आले. आकडा 10 किंवा त्याहून जास्त आला की नीट तपासायला हवं, पण नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. मी बेरजेआधी नववा प्रश्न बघते: मेलेलं बरं, असे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का? त्याने 1 लिहिलं होतं, म्हणजे काही दिवस येतात.

अशा वेळी आडून आडून विचारण्यात अर्थ नसतो. थेट विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारं कुणी भेटलं म्हणून हायसं वाटतं. मी विचारलं. विचार येतो, तयारी काही नाही, असं तो म्हणाला. मग चॅटवरच यादी केली: विचार सुरू झाला हे कशावरून कळतं, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा, कुणीच नसेल तर आपत्कालीन नंबर कोणता. फोनसाठी त्याने मावसभावाचं नाव घेतलं आणि त्याच रात्री त्याला सगळं स्वतः सांगितलं. मी औषधं देत नाही, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवलं. तिथे जायला त्याने दोन आठवडे घेतले.

गुप्ततेला अपवाद असतात, आणि त्यांतला मुख्य पहिल्याच दिवशी सांगायला हवा: तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. त्यासाठीच दर वेळी सुरुवातीला 'आत्ता कुठे आहेस, जवळचं कोण लगेच पोहोचू शकेल?' असं विचारते. मुलं वैतागतात. पण माझ्या खोलीत बसलेला माणूस माझ्या समोर असतो. स्क्रीनवरचा दुसऱ्या शहरातही असू शकतो.

जागेचा प्रश्न मात्र त्यानेच सोडवला. पाचव्या वेळेपासून तो लायब्ररीमागच्या रस्त्यावर चालत चालत नुसता आवाजी कॉल करू लागला. चालता चालता फोनवर बोलणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. कुणी ओळखीचं आलं की तो म्हणायचा, 'असाइनमेंट पाठवतो', की मी फक्त 'हो-नाही'चे प्रश्न विचारायचे. दिवसभर अंथरुणात असणारा मुलगा या निमित्ताने अर्धा-पाऊण तास उन्हात यायला लागला, याचा उपयोग माझ्या बोलण्याइतकाच झाला असावा.

आता तो नेहमीचा प्रश्न आला की आधी सांगते: रेकॉर्डिंग नाही, नोंदी अमुक ठिकाणी, विभागाला आणि घरी काही जात नाही, अपवाद हा. हे सेवेकडून लेखी मागून घे. ॲप असेल तर माहिती कुणाला देतात ते वाच. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसू देऊ नकोस, कॉमन कॉम्प्युटर असेल तर लॉगआउट कर. आणि मग विचारते, 'तुझं बोलणं आत्ता कुणाला ऐकू जातंय?' पुष्कळ जण इथे थांबतात, उठतात, आणि दार लावल्याचा आवाज येतो.

त्याचा आकडा आता 7 वर आला आहे. एक विषय सुटला, तेवढं त्याने घरी सांगितलं. दुसऱ्याचं अजून सांगितलेलं नाही. ते कधी आणि आधी कुणाला सांगायचं, यावर आमचं अजून चाललंय, लायब्ररीमागच्या त्याच रस्त्यावर.