वर्गणी भरतोच, मग हे वरचे पैसे कशाला?

"मॅडम, गेमची महिन्याची वर्गणी भरतोच ना हा? मग हे वरचे पैसे कशाचे?" काही वर्षांपूर्वी एका आईंनी खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल माझ्यापुढे धरला. कार्डावरून गेलेल्या पैशांचे दोन मेसेज. शेजारी 23 वर्षांचा मुलगा, हिंजवडीत पहिली नोकरी, मान खाली. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात.

ऑनलाइन गेम होता वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. 2004 पासून चालू असलेला, महिन्याला साधारण 15 डॉलर. त्याशिवाय वेगळे पैसे मोजून घ्यायच्या सेवा: पात्राची लेव्हल एकदम वर नेणारा बूस्ट 60 डॉलर, पात्र दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणजे त्याच गेमच्या वेगळ्या प्रतीवर, न्यायचं तर 25. यानं दोन्ही घेतलं होतं. नुसत्या बूस्टमध्येच चार महिन्यांची वर्गणी गेली.

आईंना थोडा वेळ बाहेर बसवलं आणि त्याला विचारलं, "यातून तुला काय मिळालं रे?"

सर्व्हरबद्दल तो भरभरून बोलला. हॉस्टेलच्या मित्रांची गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट, दुसऱ्या सर्व्हरवर होती, आणि तेव्हा इकडच्या पात्राला तिकडच्या गिल्डमध्ये घेता येत नसे. आता दर शुक्रवारी रात्री सगळे भेटतात. नव्या शहरात एकट्यानं राहणाऱ्या मुलाचे ते 25 डॉलर मला मुळीच वाया गेलेले वाटले नाहीत.

बूस्टचं विचारल्यावर मात्र गप्प झाला. मग टेबलावरच बोटांनी बटणांच्या तीन ओळी आखून दाखवल्या. एरवी लेव्हल चढत जाते तसा एकेक मंत्र, म्हणजे एकेक बटण, मिळतो, हात बसतो. इथे सगळे एकदम अंगावर आले. कुठलं बटण कधी दाबायचं तेच कळेना. दोन दिवसांत ते पात्र त्यानं सोडून दिलं. "खरं तर मला ते चढत जाणंच आवडतं, मॅडम."

तीच वाट चारदा तुडवून झालेल्या आणि रोज जेमतेम तासभर मिळणाऱ्या माणसानं बूस्ट घेतला तर मी अडवणार नाही. यानं आपल्या आवडीचा भागच पैसे देऊन वगळला होता.

आईंचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. कार्ड बाबांचं होतं, कॉलेजपासून गेममध्ये सेव्ह केलेलं, आणि यानं विचारलंही नव्हतं. पुढच्या दोन भेटी आम्ही त्यावरच घालवल्या. त्यानं बाबांचं कार्ड काढून स्वतःचं टाकलं, पैसे दोन पगारांत परत केले. बूस्टचं ते पात्र अजून तसंच पडून आहे.