कासव सापडलं तर आधी पाय बघा

उचलून थेट तळ्यात सोडायची घाई करू नका. जमिनीवरचं असेल तर बिचाऱ्याचा जीव तिथेच जातो.

बोटांमध्ये पडदा आणि डोळ्यामागे लाल पट्टा असेल, तर तो रेड-इअर्ड स्लायडर, मूळचा अमेरिकेतला. तळ्यात गेला की देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतो. पाय खांबासारखे आणि उंच पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतील, तर ते तारा कासव. ते जमिनीवरचं, खोल पाण्यात बुडून मरतं. तारा कासव किंवा मऊ पाठीचं देशी कासव घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्रात वनखात्याला 1926 वर फोन करा.

उचलताना पुढच्या-मागच्या पायांमधली कवचाची कड दोन्ही हातांनी धरा. मऊ पाठीचं मात्र मागच्या टोकाला धरा. मान लांब काढून ते कडकडून चावतं. हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवा. स्लायडरला टबात कवच बुडेल एवढंच पाणी, आणि चढून बसायला वीट. दूध-पाव नको, एक दिवस उपाशी राहिलं तरी चालतं. कवच तडकलं असेल तर फेविक्विक अजिबात लावू नका, जंतू आत कोंडले जातात; स्वच्छ गॉज ठेवून प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, त्याच्या अंगावर साल्मोनेला हा आजाराचा जंतू असू शकतो.

स्लायडरचा मालक शोधताना पोटाकडचा फोटो टाकू नका. तिथले काळे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. मालक म्हणून येणाऱ्याकडे पोटाकडचाच जुना फोटो मागा.