जुनी डिस्क नव्या उबंटूला जोडली, फोल्डर दिसतात पण सेव्ह करताना 'परमिशन डिनाइड' येतं. मित्र म्हणतो ७७७ मार. मालकी बदलायची कशी?

७७७, म्हणजे वाचा-लिहा-चालवा अशी सगळी परवानगी सगळ्यांना, ती मारू नका. गडबड परवानगीची नाहीच, मालकीची आहे. ७७७ ने मालक बदलत नाही, फक्त मशीनवरच्या झाडून सगळ्यांना त्या फाइलीत लिहायची मुभा मिळते.

लिनक्स (उबंटू त्याचाच एक प्रकार) फाइलीवर मालकाचं नाव नाही, त्याचा आकडा ठेवतं, त्याला यूआयडी म्हणतात. उबंटूवर पहिल्या युजरला १००० मिळतो, पुढच्याला १००१. त्या आकड्याचं नाव कोणतं, हे ती ती मशीन आपल्या यादीत बघून दाखवते. तुमची डिस्क जुन्या मशीनचे आकडे घेऊन आलीये, एवढंच.

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचे. फाइल सर्व्हर बदलायचा होता. जुनी डिस्क नव्या मशीनला लावली, आणि व्हेंडरच्या माणसाने नवे युजर एचआरच्या यादीप्रमाणे, आडनावांच्या क्रमाने तयार करून ठेवले होते. शनिवारी संध्याकाळी अकाउंट्सच्या फोल्डरमध्ये एलएस -एल (फाइलींची मालकासकट यादी दाखवणारी कमांड) मारलं तर पगाराच्या शीटचा मालक कोण, तर डिझाइनमधला नवा ट्रेनी! आणि ड्रॉइंगच्या फाइलींवर अकाउंट्सच्या मॅडमचं नाव. सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, सगळ्याला ७७७ मार आणि निघ, सोमवारी बघू." मी नाही म्हटलं. पगाराची शीट कोणालाही बदलता येईल अशी ठेवून मी घरी जाणार नव्हते.

युजरचे आकडे बदलणं सोपं पडलं असतं, पण ते आधीच दुसऱ्या सर्व्हरशी जुळवलेले होते. म्हणून फाइलीच बदलायच्या. इथे खरी मेख आहे. समजा एकाचा १००१ आता १००४ झालाय आणि दुसऱ्याचा १००४ आता १००१. सरळ १००१ च्या फाइली १००४ ला दिल्या की दोघांचा ढीग एक होतो, मग कुठली कोणाची हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. म्हणून पहिला ढीग आधी कोणाचाच नसलेल्या ५००१ वर नेला, दुसरा त्याच्या जागी बसवला, मग ५००१ चा हलवला. फाइंड या शोधायच्या कमांडला -यूआयडी देऊन त्या आकड्याच्या फाइली शोधायच्या आणि सीएचओन या मालक बदलायच्या कमांडला -एच द्यायचं, म्हणजे सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा शॉर्टकट) जिकडे बोट दाखवते तिकडची फाइल बदलत नाही. घणसोलीहून ठाण्याची शेवटची लोकल गेली, पण सोमवारी सगळ्यांच्या फाइली ज्याच्या त्याला उघडल्या.

त्यावर मीटिंगमध्ये ऐकायला काय मिळालं, तर "एवढ्याशा कामाला रात्र घालवली." ते अजून बोचतं. ७७७ वाल्यांचं म्हणणं ठरलेलं, आपलीच माणसं आहेत, भ्यायचं कशाला. अहो, प्रश्न माणसांचा नाहीच. त्याच मशीनवर वेबसाइट चालत असेल आणि तिचं एखादं प्लगइन फुटलं, तर आत शिरलेल्याला तुमच्या सगळ्या फाइलींवर लिहिता येतं. एसएसएचची (दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन करायच्या प्रोग्रॅमची) प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्लीची फाइल, उघडी टाकलीत तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. आणि आधी कोणाला काय परवानगी होती ती माहिती पुसली जाते, परत आणणार कुठून?

तुमच्यापुरतं सांगायचं तर एलएस -एलएन ने फाइलींवरचे आकडे बघा, आयडी कमांडने स्वतःचा. मग सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा) सीएचओन, -आर (कॅपिटल, म्हणजे आतलं सगळंही), युजर कोलन ग्रुप आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. एंटर मारण्याआधी तो पत्ता पुन्हा वाचा. पहिल्या स्लॅशनंतर चुकून स्पेस पडली तर अख्खी सिस्टीम तुमच्या नावावर होते. आरएम ही फाइली पुसायची कमांड रूटवर, म्हणजे नुसत्या स्लॅशवर, चालवली तर अडते, सीएचओन आपणहून अडत नाही. मालकी बदलताना सेटयूआयडी बिटही (प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालू देणारी खूण) उडतो, म्हणजे निस्तरायला हाताशी सुडोसुद्धा राहत नाही.

ऑफिसची मशीन असेल आणि वरून "मार ७७७" असं आलं, तर ते ईमेलवर मागा. मी मागितलं होतं, कोणी लिहून दिलं नाही.

आणि हो, डिस्क एक्सफॅट (पेनड्राइव्हवर असतो तो फॉरमॅट) असेल तर सीएचओनचा उपयोग नाही, त्यात मालक साठवायची जागाच नसते. तिथे माउंट करतानाच, म्हणजे डिस्क सिस्टीमला जोडतानाच, यूआयडी द्यावा लागतो.