फॉक्सप्रोला हात लावण्याआधी बडे बाबूंना गाठा

इंदूरच्या विभागीय कार्यालयात तुमची नवी बदली झालीय; तिथे पगार आणि वसुलीचा सगळा कारभार व्हिज्युअल फॉक्सप्रो 6 या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर, तो चालतो एकाच विंडोज एक्सपी मशीनवर, आणि साहेबांचा हुकूम की सहा महिन्यांत ‘सब ऑनलाइन’. तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा. याच शहरात हा उद्योग मी दोनदा केलाय. पहिल्यांदा तोंडावर आपटलो.

नवा प्रोग्रॅम लिहायला जावा घ्यावं की डॉटनेट, असं विचारलंय तुम्ही. जे चालवायला माणूस मिळेल ते घ्या. खाली डेटाबेस पोस्टग्रेस ठेवा, तो फुकट मिळतो, म्हणून लायसन्सच्या फायली फिरवण्यात वर्ष जात नाही. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल 2014 मध्येच संपलाय, तेव्हा ते मशीन आजच नेटवर्कवरून काढा. तंत्रज्ञानाचं एवढंच.

खरं दुखणं डेटात असतं. आमच्याकडे नावं कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये होती. म्हणजे पडद्यावर ‘राम’ दिसतो, पण फाइलीत असतात जे, के, ई ही इंग्रजी अक्षरं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. कन्व्हर्टर यातून युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी देवनागरी, काढून देतो, पण त्याच रकान्यात कुणी ‘बी.एस्सी.’ इंग्रजीत टाकलं असेल तर त्याचाही तो इमाने इतबारे कचरा करतो. आणि हिंदीतला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब! ‘बड़वानी’मधला ‘ड़’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘ड’ आणि खाली वेगळा नुक्ता. दिसायला तंतोतंत सारखे, शोधायला गेलं की निम्मी माणसं गायब. आम्ही दोन दिवस क्वेरीला शिव्या घातल्या. सगळं एकाच रूपात आणून मगच नव्या टेबलात भरा.

जिल्ह्यांच्या कोडचंही बघा. बडवानी 1998 मध्ये खरगोनातून निघाला, बुऱ्हाणपूर 2003 मध्ये खंडव्यातून, अलीराजपूर 2008 मध्ये झाबुव्यातून. जुन्या नोंदी जुन्याच कोडवर बसलेल्या असतात. 2000 साली छत्तीसगड वेगळं झालं, तिकडे गेलेल्यांच्या नोंदी तर रायपूरच्या कोडसकट तशाच पडून सापडतील. कोड बदलू नका, त्याला ‘कधीपासून कधीपर्यंत’ लावा.

तारखांमध्ये मजा आहे. तुमचा डेटा मूळ डॉसच्या फॉक्सप्रो 2.6 मधून आला असेल, तर वर्ष दोन आकडी टाकलेलं असणार आणि मशीनने पुढे मुकाट 19 लावलेलं असणार. 2001 साली लागलेला माणूस 1901 पासून सेवेत! शंभर वर्षं नोकरी करणारे आमच्याकडे बरेच निघाले. आणि फॉक्सप्रोत ‘डिलीट’ म्हणजे पुसणं नव्हे, नोंदीवर खूण करणं. ‘पॅक’ केल्याशिवाय ती जात नाही. आमच्या पहिल्या खेपेला आयात करणाऱ्या टूलने खूण बघितलीच नाही आणि स्वर्गवासी झालेली माणसं पगारपत्रकावर हजर. सहीला गेलेला कागद साहेबांनी माझ्यासमोर धरला, तो चेहरा अजून आठवतो.

यापुढचा भाग कुठल्याच टूलमध्ये नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये आम्हाला एक ओळ सापडली: कोड 77 असेल तर वसुली करू नये. का, ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही. मी ओळ उडवायच्या बेतात होतो. निवृत्त बडे बाबू, म्हणजे हेड क्लार्क, रामबागेत राहायचे, आपले मराठीच. गेलो. त्यांनी कपाटातून कापडी बांधणीची वही काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि लाल शाईच्या ओळीवर बोट ठेवलं. “अहो, ती तीन माणसं हायकोर्टात गेलीत. वसुलीला स्टे आहे. कापलंत तर अवमान व्हायचा.” इंदूर खंडपीठाच्या आदेशाची तारीखही वहीत होती. तुमच्या ऑफिसात अशी वही नक्की असेल. ती असलेला माणूस शोधा, त्याच्याजवळ आठवडाभर बसा, आणि प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ‘जर’पुढे त्याच्याकडून कारण लिहून घ्या. कंत्राटदाराच्या पोराला एकट्याला पाठवू नका, बाबू त्याला चहा पाजून परत पाठवतील.

सहा महिन्यांत सगळं होणार नाही, हे साहेबांना आजच लेखी कळवा. आधी एकच तुकडा घ्या, पगारपत्रक. तीन महिने जुनं आणि नवं दोन्ही चालवा. त्यात महागाई भत्त्याच्या थकबाकीचा एक महिना आलाच पाहिजे, चुका तिथेच बाहेर पडतात. भत्त्यात 50 पैसे किंवा जास्त असले तर पुढचा रुपया धरतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं साधं ‘राउंड’ नेमक्या अर्ध्यावर सम आकड्याकडे झुकतं, म्हणजे अडीचचे दोन करतं. एक रुपयाच्या फरकासाठी लेखापरीक्षक आक्षेप काढतो आणि कर्मचारी संघटना दारात येते. फरक निघाला की दर वेळी जुनंच बरोबर असं समजू नका. आमच्याकडे एक भत्ता वर्षानुवर्षं चुकीचा जात होता, ते नव्या हिशेबानेच उघडं पाडलं.

करारात सोर्स कोड आणि पूर्ण डेटा विभागाचा, हे वाक्य घालून घ्या. पहिल्या खेपेला आमच्याकडून ते राहिलं होतं, पुढची कथा लांब आहे.

आता तुम्ही सांगा: डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या टेबलांच्या, फाइलींशेजारी त्याच नावाच्या एफपीटी फाइली दिसतात का? दिसत असतील तर कॉपी करताना जोडीने घ्या. एफपीटी सुटली की टेबल उघडायला नकार देतं, आणि शेऱ्यांचे रकाने तिच्यातच असतात.