हादगा लावावा, पण भिंतीला खेटून नको

कोथरूडमधील सोसायटीच्या कुंपणालगत हादगा लावावा का, तो कुंडीत येईल का आणि मंडईतून आणलेल्या फुलांची भाजी कडू का झाली, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

हादगा अवश्य लावावा. मात्र तो वड-पिंपळासारखा पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा वृक्ष नाही, हे जागा ठरवण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. शेवरी आणि हिरवळीच्या खतासाठी शेतात गाडला जाणारा धैंचा हे त्याचे जवळचे भाऊबंद आहेत. त्यांच्याप्रमाणेच याच्याही मुळांवर गाठी येतात, त्यांतील जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात, आणि म्हणूनच मुरमाड, हलक्या जमिनीतही हे झाड झपाट्याने उंच होते. पानमळ्यांत नागवेलीला आधार व विरळ सावली देण्यासाठी शेवरी-पांगाऱ्याबरोबर हादगा लावतात, तो याच गुणांमुळे. पण जे लाकूड इतक्या लवकर वाढते, ते ठिसूळही असते. माझ्या अंगणातील पहिला हादगा मी हौसेने भिंतीला खेटून लावला होता. पाचव्या वर्षी मे महिन्यातील वळवाच्या वादळात तो मधोमध मोडून शेजारच्या पत्र्यावर पडला. इजा कोणाला झाली नाही, तरी तेव्हापासून मी इमारत, विजेच्या तारा आणि वाहनतळ यांपासून किमान पंधरा फूट अंतर सोडण्याचा आग्रह धरतो. शिवाय शहरी भागात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे ‘नको झाले तर काढून टाकू’ हा विचार येथे उपयोगी पडत नाही.

बी रात्रभर पाण्यात भिजवून जूनच्या आरंभी थेट जागेवरच टोकावे. पाणी काही दिवस साचले तरी हादगा सहन करतो, थंडी मात्र त्याला मानवत नाही. हे मूळचे आग्नेय आशियातील उष्ण, दमट प्रदेशाचे झाड असल्याने पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरला की त्याची वाढ थबकते. अशा वेळी खतपाण्याचा मारा करू नये. रोप तीन-चार फुटांचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या हाताशी राहतात. पुढेही बाजूच्या फांद्याच छाटाव्यात आणि काही पाला नेहमी राखावा, कारण वारंवार बुंध्यापासून तोडलेला हादगा शेवरीसारखा पुन्हा जोमाने फुटत नाही. खोडाला भोक पडून भुसा बाहेर येताना दिसला, तर खोडकिडा लागला आहे असे समजावे आणि ती फांदी किडक्या भागाच्या खालून कापून टाकावी. मोठ्या पिंपात झाड जगते व थोडी फुलेही देते, पण भाजीपुरती फुले हवी असतील तर जमीनच हवी.

आता कडवटपणाविषयी. फुलाच्या मधोमध जो वाकडा, लांब परागदांडा असतो, त्यात कडूपणा अधिक असतो. तो आणि खालचा हिरवा पेला काढून केवळ पाकळ्या चिराव्यात. पूर्ण उमललेल्या फुलांपेक्षा चंद्रकोरीसारख्या मिटलेल्या कळ्या अधिक गोडसर लागतात. लसणाच्या फोडणीवर पाकळ्या दोन-तीन मिनिटेच परताव्यात आणि डाळीचे पीठ पेरून एक वाफ काढावी. पाणी मुळीच घालू नये. किंचित कडसर चव तरीही राहते, आणि माझ्या मते ती राहायलाच हवी. कोवळ्या शेंगांचीही भाजी होते. शेळ्यांना पाला उत्तम चारा आहे, कोंबड्यांना मात्र तो बाधतो, हे आवारात कोंबड्या पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

या झाडाचे नाव आपल्याकडे हस्त नक्षत्राशी जोडले जाते. सप्टेंबरअखेर सूर्य हस्तात येतो, हत्तीच्या चित्राभोवती मुली फेर धरतात, आणि त्याच खेळाला भोंडल्याप्रमाणे हादगाही म्हणतात. आपल्या सोसायटीत भोंडला होत असेल, तर झाड त्या मोकळ्या मैदानाच्या कडेला, पश्चिमेच्या जोरदार वाऱ्यापासून आडोसा मिळेल असे लावावे. बी नव्या शेंगांचेच घ्यावे आणि दोन खड्ड्यांत दोन-दोन बिया टोकून त्यांतील सशक्त रोप तेवढे ठेवावे.